प्रभाराचा वेग नक्की कुणाच्या सापेक्ष धरायचा? चुंबकीय बलाच्या धड्यावर अडलोय

रिवाइंडर

नमस्कार मंडळी. मी मोटर रिवाइंडिंग करतो, बावीस वर्षं झाली. जळकं वाइंडिंग काढायचं, स्लॉट (तार बसवायच्या लोखंडातल्या खाचा) साफ करायचे, नवी तार भरायची, वार्निश, मग टेस्टिंग. हाताला सगळं येतं. पण मोटर का फिरते, याला माझ्याकडे "चुंबक तारेला ढकलतं" एवढंच उत्तर होतं आणि ते मला पुरत नव्हतं. म्हणून वर्षभर रात्री पदार्थविज्ञानाची पुस्तकं घेऊन बसतो. चुंबकीय बलाच्या धड्यावर आता दोन आठवडे अडलोय.

धड्यातलं मला जेवढं कळलं ते असं. चुंबकीय क्षेत्रातून प्रभार जात असला की त्याच्यावर बल लागतं. वेग आणि क्षेत्र काटकोनात असतील तर बल = प्रभार × वेग × क्षेत्र. तिरके असतील तर वेगाचा जेवढा भाग क्षेत्राला आडवा, तेवढाच धरायचा. प्रभार क्षेत्राच्याच दिशेने जात असेल तर बल शून्य, जागेवर उभा असेल तरी शून्य. आणि बलाची दिशा वेगालाही लंब, क्षेत्रालाही लंब.

आता अडचण. माझ्याकडे एक जुना सीआरओ (विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) आहे, काचेच्या नळीचा, हिरव्या ठिपक्याचा. त्यात इलेक्ट्रॉनला २००० व्होल्टचा रेटा मिळतो. हिशेब केला तर त्यांचा वेग सेकंदाला सुमारे २६,५०० किलोमीटर येतो. पडद्याजवळ चुंबक नेलं की ठिपका बाजूला सरकतो. म्हणजे धावत्या इलेक्ट्रॉनवर बल लागलं. इथपर्यंत ठीक.

पण समजा, कुणीतरी त्या इलेक्ट्रॉनच्या बरोबरीने, त्याच दिशेने, तेवढ्याच वेगाने चाललाय. त्याला इलेक्ट्रॉन उभाच दिसणार. वेग शून्य, मग सूत्राप्रमाणे बलही शून्य, मग ठिपका सरकायलाच नको. आणि ठिपका तर सरकलाय! काचेवर ज्या जागी तो उमटला ती जागा बघणाऱ्यागणिक बदलू शकत नाही.

मग सूत्रातला तो वेग कुणाच्या सापेक्ष मोजायचा? जमिनीच्या? चुंबकाच्या? क्षेत्ररेषांच्या? तीन पुस्तकं बघितली, तिन्हींत "प्रभाराचा वेग" एवढंच लिहून पुढे गेलेत.

दुसरी गोष्ट त्याच धड्यात चार पानं पुढे आहे. चुंबकीय बल नेहमी वेगाला लंब असतं, म्हणून ते कधीच कार्य करत नाही. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. कार्य करत नाही, तर माझ्या बाकावरच्या मोटरचा शाफ्ट कोण फिरवतं?

कुणी नीट सांगेल का? गणित थोडं जमतं, पण आधी डोळ्यांसमोर चित्र उभं राहायला हवं.

ध्रुवतारा

रिवाइंडर दादा, प्रश्न आवडला. माझ्या मते उत्तर सरळ आहे: वेग चुंबकाच्या सापेक्ष. कॉइलमध्ये चुंबक सरकवा किंवा चुंबक स्थिर ठेवून कॉइल सरकवा, मीटरचा काटा सारखाच हलतो. म्हणजे दोघांमधला सापेक्ष वेगच महत्त्वाचा. तुमचा तो बरोबर धावणारा माणूस इलेक्ट्रॉनला उभा बघतो, पण त्याला चुंबक उलट्या दिशेने पळताना दिसतं. सापेक्ष वेग तेवढाच राहिला, बलही तेवढंच.

प्रयोगवही

रिवाइंडर, तुम्ही धडा नीट वाचलाय म्हणूनच अडलात. मी जवळजवळ तीस वर्षं पदवीच्या मुलांच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत काम केलं. हा प्रश्न इतक्या वर्षांत मला मोजक्या मुलांनी विचारला आणि प्रत्येक वेळी मला फार बरं वाटलं होतं.

आधी थेट उत्तर. सूत्रातला वेग हा जो माणूस सूत्र वापरतोय त्याच्या सापेक्ष असतो. चुंबकाच्या नाही आणि क्षेत्ररेषांच्याही नाही. क्षेत्ररेषा आपण कागदावर काढतो. त्या काही ताणलेल्या दोऱ्या नव्हेत की त्यांचा वेग मोजता येईल.

पण मग तुमची शंका आणखी टोकदार होते. बरोबर धावणाऱ्याच्या हिशेबात वेग शून्य, तरी ठिपका सरकतो. याचं कारण, तुमच्या पुस्तकाच्या त्या पानावर सूत्राचा अर्धाच भाग आहे. प्रभारावरचं पूर्ण बल दोन तुकड्यांचं असतं: प्रभार × विद्युत क्षेत्र, अधिक प्रभार × वेग × चुंबकीय क्षेत्र. पहिला तुकडा उभ्या प्रभारावरही लागतो, दुसरा फक्त चालत्यावर. आणि विद्युत क्षेत्र किती, चुंबकीय क्षेत्र किती, हे बघणाऱ्याच्या वेगाप्रमाणे बदलतं. मुलांना हेच पचायला जड जायचं. प्रभार मात्र कुणीही बघितला तरी तेवढाच.

तुमच्याच सीआरओचे आकडे घेऊ. चुंबकामुळे इलेक्ट्रॉनच्या वाटेवर १ मिलिटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक, त्याचा हजारावा भाग) क्षेत्र आलं असं धरा. बाकापाशी बसलेल्या तुम्हाला तिथे फक्त चुंबकीय क्षेत्र दिसतं. (इलेक्ट्रॉनला गती देणारी प्लेटांची व्यवस्था मागे राहिली, ती या हिशेबात नको.) इलेक्ट्रॉन सेकंदाला २ कोटी ६५ लाख मीटर जातोय. वेग × क्षेत्र केलं की २६,५०० येतात, आणि त्याचं एकक निघतं व्होल्ट प्रति मीटर! हे एकक माझ्या मुलांना मी स्वतः सोडवायला लावायची, कारण उत्तर त्यातच आहे. बरोबर धावणाऱ्याला चुंबक उलट्या दिशेने पळताना दिसतं, आणि पळत्या चुंबकाभोवती विद्युत क्षेत्र असतं. किती? दर मीटरला तेच २६,५०० व्होल्ट. इतक्या वेगाला सापेक्षतेमुळे हजारात चार इतका फरक पडतो, तो सध्या सोडून देऊ. त्याच्या दृष्टीने इलेक्ट्रॉन उभा आहे आणि हे विद्युत क्षेत्र त्याला बाजूला ओढतंय. तुम्ही ज्याला चुंबकीय बल म्हणालात त्याला तो विद्युत बल म्हणेल. ठिपका दोघांनाही काचेवर एकाच जागी दिसणार.

याचा इतिहासही असाच अडखळत गेलाय. १८८१ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी चालत्या प्रभारावरचं बल गणिताने काढलं, पण किंमत निम्मी आली. १८८९ मध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी ती बरोबर काढली. १८९५ मध्ये हेंड्रिक लोरेंट्झ यांनी दोन्ही तुकडे एकत्र मांडले, म्हणून पूर्ण सूत्राला लोरेंट्झ बल म्हणतात. या सगळ्यांच्या मनात ईथर, म्हणजे सगळी जागा व्यापून असलेलं एक कल्पित माध्यम, होतं, त्यामुळे वेग कुणाच्या सापेक्ष याला त्यांच्याकडे तयार उत्तर होतं: ईथरच्या. ते उत्तर टिकलं नाही. आइन्स्टाइन यांचा १९०५ चा सापेक्षतेचा लेख चुंबक आणि तारेपासूनच सुरू होतो. चुंबक हलवलं काय, तार हलवली काय, करंट तेवढाच. मग दोन वेगळी स्पष्टीकरणं कशाला, असं ते विचारतात. तुम्ही दोन आठवडे ज्या दगडावर अडलात तो साधा नाही.

ध्रुवतारा, तुमचं म्हणणं सरळ रेषेत एकसारख्या वेगाने चालणाऱ्या गोष्टींसाठी शेवटच्या उत्तरापुरतं बरोबर येतं. पण तो नियम म्हणून धरू नका, फिरणाऱ्या गोष्टींत तो फसतो. फॅरेडे यांनी १८३१ मध्ये तांब्याची तबकडी चुंबकाजवळ फिरवून तिच्यातून वीज काढली होती. तोच प्रयोग जरा बदलून करायचा. तबकडीला गोल चुंबक चिकटवा आणि दोन्ही एकत्र फिरवा. दोघांमधला सापेक्ष वेग शून्य. तुमच्या नियमाने मीटर शून्य दाखवायला हवा.

रिवाइंडर, तुमच्याकडे तांब्याचा पत्रा, कार्बन ब्रश आणि ड्रिल असणारच. मी आकडा सांगत नाही. करून बघा.

ध्रुवतारा

प्रयोगवही ताई, असं असेल असं मला वाटलं नव्हतं. एकत्र फिरवल्यावर शून्य यायला हवं, असं मन अजून म्हणतंय. दादांच्या प्रयोगाची वाट बघतो.

रिवाइंडर

तीन दिवस लागले, पण केला.

१० सेंटीमीटर व्यासाची तांब्याची तबकडी कापली, मधे पितळी बोल्ट. लोखंडी बोल्ट मुद्दाम टाळला, त्याने चुंबकीय क्षेत्र वेडंवाकडं झालं असतं. जुन्या स्पीकरमधलं गोल काळं चुंबक घेतलं, तबकडीएवढंच. एक कार्बन ब्रश तबकडीच्या कडेला टेकवला, दुसरा बोल्टला. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर. ड्रिल मिनिटाला साधारण १५०० फेऱ्यांवर.

पहिल्यांदा चुंबक बाकावर क्लॅम्पमध्ये स्थिर, तबकडी त्याच्यावर तीन-चार मिलिमीटर अंतरावर फिरती. मीटरवर ६ मिलिव्होल्ट. ब्रश नाचतात म्हणून आकडा साडेपाच ते साडेसहा असा हलतो, पण येतो नक्की. ड्रिल उलटं फिरवलं की उणे ६.

मग तबकडी स्थिर आणि चुंबक ड्रिलवर फिरतं. शून्य. वीसेक वेळा करून बघितलं, ब्रश दाबून, घासून, तारा बदलून. शून्यच.

मग मधे कागद घालून चुंबक तबकडीलाच बांधलं. हे चुंबक ठिसूळ असतं, फुटून उडालं तर डोळ्यांत जाईल म्हणून वरून भरपूर टेप गुंडाळला आणि गॉगल घातला. दोन्ही एकत्र फिरवली.

६ मिलिव्होल्ट!

मी ड्रिल बंद करून खुर्चीवर बसलो. चुंबक आणि तांबं एकमेकांना धरून फिरतायत, त्यांच्यात केसाएवढीही हालचाल नाही, तरी व्होल्टेज तेवढंच. परत लावलं, परत ६. माझा मुलगा बाजूला उभा होता. त्याने विचारलं, बाबा, मग काय कुणाच्या सापेक्ष फिरतंय? मला तेव्हा सुचलं नाही. रात्री सुचलं: तबकडी मीटरच्या तारांच्या सापेक्ष फिरतेय. तारा बाकावर स्थिर आहेत, तबकडीतले इलेक्ट्रॉन फिरतायत. बरोबर आहे का ताई?

प्रयोगवही

अगदी बरोबर. तुमचे आकडे वाचून मला आपल्या टेबलावर हात ठेवून बसावंसं वाटलं, इतके स्वच्छ आहेत.

तुम्ही बाकापाशी उभे. तुमच्या दृष्टीने तबकडीतले इलेक्ट्रॉन वर्तुळात चाललेत, क्षेत्र अक्षाच्या दिशेने. त्यामुळे बल त्रिज्येच्या दिशेने, आत किंवा बाहेर. कड आणि मध्य यांत व्होल्टेज आलं. गोल चुंबक स्वतःच्या अक्षाभोवती फिरलं तरी प्रत्येक जागचं क्षेत्र होतं तसंच राहतं. क्षणाक्षणाला काहीच बदलत नाही, म्हणून चुंबक फिरवल्याने बंद सर्किटमध्ये काही निर्माण होत नाही. मधल्या प्रयोगातलं तुमचं शून्य ते हेच.

ध्रुवतारा यांनी सांगितलेली कॉइल वेगळी. तिथे चुंबक पुढे सरकतं तेव्हा कॉइलच्या जागेवरचं क्षेत्र वाढतं, कमी होतं. बदलत्या चुंबकीय क्षेत्राने विद्युत क्षेत्र येतं आणि ते उभ्या इलेक्ट्रॉनलाही ढकलतं. तिथे बलाचा पहिला तुकडा काम करतो, दुसरा नाही. आकडा सारखा येतो म्हणून आपण दोन्हींना एकच समजतो.

समभुज

मी फक्त एका गोष्टीबद्दल लिहितो, कारण ती मला स्वतःला कळली तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. बल बाजूलाच का? प्रभाराला पुढे रेटत का नाही, मागे ओढत का नाही, क्षेत्राच्या दिशेने उचलत का नाही? पुस्तकं हाताची बोटं धरायला शिकवतात, पण कारण सांगत नाहीत.

रिवाइंडर, तुमची एक गोल कॉइल टेबलावर आडवी ठेवा, करंट चालू. आत चुंबकीय क्षेत्र सरळ वर. कॉइलच्याच पातळीवर, व्यासावरून, मध्यातून एक प्रभार चाललाय.

आता कॉइलच्या पातळीत एक आडवा आरसा कल्पा, वरचं खाली आणि खालचं वर दाखवणारा. आरशात कॉइल तशीच, करंट त्याच दिशेने गोल, प्रभारही त्याच वाटेने. मांडणीत काही बदललं नाही. विद्युत-चुंबकीय नियम आरशातही तेच असतात. मग बल वर असतं तर आरशात ते खाली दिसलं असतं: एकाच मांडणीची दोन उत्तरं. म्हणून बल वरही नाही, खालीही नाही. क्षेत्राच्या दिशेचं बल असं बाद झालं.

आता दुसरा आरसा. उभा, प्रभाराच्या वाटेवरूनच कॉइलला मधोमध कापणारा. प्रभार आरशातही त्याच वाटेने जातो. पण कॉइलमधला करंट उलटा फिरताना दिसतो, म्हणजे क्षेत्र उलटं झालं. क्षेत्र उलटलं की बलही उलटायला हवं. पुढे किंवा मागे रेटणारं बल या आरशात उलटत नाही, तसंच राहतं. म्हणून तेही बाद. डावी-उजवी बाजू मात्र आरशात अदलाबदल होते. बाजूचं बल तेवढं उरलं.

डाव्या हाताची बोटं पाठ करण्याआधी एवढं दाखवलं असतं, तर मला तो नियम कधीच रट्टा मारून शिकावा लागला नसता.

रिवाइंडर

समभुज, मी खरोखर कॉइलवर आरसा धरून बघितला. करंटची दिशा दाखवायला तारेवर बाण काढलेला कागद चिकटवला. उभ्या आरशात बाण उलटे फिरतात. आडव्या आरशात नाही. हे हातात घेऊन बघितल्याशिवाय मला पटलं नसतं.

ताई, आता माझी दुसरी शंका. बल बाजूचंच, म्हणून कार्य शून्य, हे आता कळलं. पण मोटरमध्ये शाफ्टवर वजन उचललं जातं हो. मी स्वतः दोरी बांधून उचलून बघतो, टेस्टिंगला.

प्रयोगवही

यावर जरा सविस्तर लिहिते, कारण इथे पुस्तकं घाई करतात.

आधी कार्य शून्य म्हणजे काय ते एका प्रयोगावरून सांगते. आमच्याकडे काचेचा एक मोठा गोळा होता, आत अगदी कमी दाबाचा वायू. बाहेर दोन मोठ्या कॉइली समोरासमोर. इलेक्ट्रॉन २५० व्होल्टने सोडायचो, वेग सेकंदाला ९,४०० किलोमीटरच्या आसपास. वायूमुळे त्यांची वाट चमकते. कॉइलींमध्ये करंट सोडला की सरळ रेघ वाकायला लागते, आणि क्षेत्र १ मिलिटेस्ला झालं की पूर्ण वर्तुळ बनतं, त्रिज्या ५.३ सेंटीमीटर. अंधाऱ्या खोलीत ते वर्तुळ बघून मुलं एकदम गप्प व्हायची. एक फेरी ३६ नॅनोसेकंदांत. इलेक्ट्रॉनवर सतत बल लागतंय, तो सतत वळतोय, पण चुंबकीय बलाने त्याचा वेग तसूभर वाढत नाही की कमी होत नाही. दिशा बदलायची, ऊर्जा द्यायची नाही. बलाचा स्वभाव एवढाच.

आता तुमची मोटर. डीसी, ब्रशवाली, कायमच्या चुंबकाची. २४ व्होल्ट, आर्मेचरचा (वाइंडिंग असलेल्या फिरत्या भागाचा) रेझिस्टन्स ०.५ ओहम, लोडवर ४ अँपिअर घेते असं धरू. तारेत इलेक्ट्रॉन तारेच्या दिशेने सरकतात. १ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ४ अँपिअरला हा सरकण्याचा वेग सेकंदाला ०.३ मिलिमीटर असतो, गोगलगाईहून कमी. (ते इलेक्ट्रॉन त्याच वेळी सेकंदाला दीड हजार किलोमीटरच्या वेगाने इकडेतिकडे धडपडतही असतात, पण ती धडपड सगळ्या दिशांना सारखी, त्यामुळे त्यातून आलेलं बल आपसांत कटतं.) वेग इतका कमी, पण एक मीटर तारेत ८५ वर २१ शून्यं इतके इलेक्ट्रॉन असतात. म्हणून ०.५ टेस्ला क्षेत्रात त्या एक मीटर तारेवर २ न्यूटन बल येतं.

हे बल इलेक्ट्रॉनवर लागतं, तांब्यावर नाही. मग तांबं का हलतं? इलेक्ट्रॉन बाजूला ढकलले जाऊन तारेच्या एका कडेला किंचित जास्त जमतात, दुसऱ्या कडेला कमी. या कमी-जास्तीने तारेत आडवं विद्युत क्षेत्र तयार होतं आणि ते तांब्याच्या अणूंना ओढतं. हेच आडवं व्होल्टेज १८७९ मध्ये एडविन हॉल यांनी सोन्याच्या पातळ पापुद्र्यात मोजलं. मॅक्सवेल यांनी लिहून ठेवलं होतं की बल तारेवर लागतं, करंटवर नाही. विद्यार्थी असलेल्या हॉल यांना ते पटलं नाही आणि त्यांनी प्रयोग करून बघितला.

आता कार्याचा हिशेब. तार फिरायला लागली. इलेक्ट्रॉनला आता दोन वेग आहेत: तारेच्या दिशेने सरकण्याचा, आणि तारेबरोबर आडवं जाण्याचा. पहिल्या वेगामुळे आलेलं बल आडवं, ते तार पुढे ढकलतं आणि कार्य करतं. दुसऱ्या वेगामुळे आलेलं बल तारेच्या दिशेने, सरकण्याच्या बरोबर विरुद्ध. ते करंटला अडवतं, म्हणजे उणे कार्य करतं. दोन्ही कार्यं मांडून बघा: दोन्हींत प्रभार, क्षेत्र, सरकण्याचा वेग आणि आडवा वेग यांचाच गुणाकार. एक अधिक, एक उणे. बेरीज शून्य. पुस्तक खोटं बोलत नाही आणि तुमची मोटरही वजन खरंच उचलते.

करंटला अडवणारं ते बल तुमच्या ओळखीचं आहे. त्यालाच तुम्ही बॅक ईएमएफ, म्हणजे उलटं व्होल्टेज, म्हणता. ४ अँपिअरला ०.५ ओहममध्ये २ व्होल्ट पडतात, उरलेले २२ व्होल्ट बॅक ईएमएफ. बॅटरी त्या २२ व्होल्टच्या विरुद्ध ४ अँपिअर रेटते, म्हणजे ८८ वॅट देते. शाफ्टवर, घर्षण सोडलं तर, तेच ८८ वॅट बाहेर येतात. उरलेले ८ वॅट तार तापवतात. चुंबकीय बल बॅटरीचा तारेच्या दिशेचा रेटा घेतं आणि आडवा करून शाफ्टला देतं. स्वतःच्या पदरचं काहीच घालत नाही.

तुमच्या हातची खूण सांगते. शाफ्ट जाम झाला तर वाइंडिंग का जळतं?

रिवाइंडर

ताई, हे वाचताना अंगावर काटा आला.

शाफ्ट जाम म्हणजे आडवा वेग शून्य. मग बॅक ईएमएफ शून्य. २४ व्होल्ट सगळे ०.५ ओहमवर पडले, ४८ अँपिअर, ११५२ वॅट, सगळी उष्णता. एवढ्या वर्षांत हजारो जळकी आर्मेचरं उघडली. गिऱ्हाइकाला सांगायचो, लोड जास्त झाला. तारेवरचं वार्निश काळं पडण्यामागे इलेक्ट्रॉनचा दुसरा वेग नसणं हे कारण आहे, हे आज कळलं.

एक विचारायचं राहिलं. मी तार चुंबकासमोर उघडी ठेवत नाही, लोखंडाच्या स्लॉटमध्ये दाबून बसवतो. क्षेत्र तर स्लॉटांच्या मधल्या लोखंडाच्या दातांतूनच जाणार, स्लॉटमध्ये फार थोडं. मग तारेवर एवढं बल कुठून?

प्रयोगवही

हे तुम्हीच विचारू शकत होता. बरोबर आहे: स्लॉटमध्ये क्षेत्र कमी असतं आणि तारेवर प्रत्यक्ष लागणारं बलही कमी. बहुतेक बल लोखंडाच्या दातांवर येतं. तरी करंट × लांबी × हवेच्या फटीतलं सरासरी क्षेत्र या हिशेबाने काढलेला एकूण टॉर्क (फिरवणारा जोर) बरोबर येतो, कारण बॅक ईएमएफ आणि ऊर्जेचा हिशेब तोच राहतो. तुमच्या तारेच्या इन्सुलेशनसाठी ही मोठी सोय आहे. सगळं बल तारेवरच आलं असतं तर ती स्लॉटमध्ये सारखी चेपली गेली असती.

आणि सीआरओबद्दल एक. समोरच्या पॅनेलवर ट्रेस रोटेशन नावाचा बारीक स्क्रू आहे का बघा. पृथ्वीचं क्षेत्र ५० मायक्रोटेस्लाच्या आसपास असतं, तेवढंही तुमच्या २००० व्होल्टच्या इलेक्ट्रॉनला ३ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात वळवायला पुरतं. ते अडवायला नळीभोवती खास मिश्रधातूचं आवरण असतं, तरी थोडं आत शिरतंच. नळीच्या दिशेने शिरलेलं क्षेत्र रेघ तिरकी करतं, आणि तो स्क्रू नळीवरच्या एका छोट्या कॉइलचा करंट बदलून ती सरळ करतो.

रिवाइंडर

स्क्रू आहे. बावीस वर्षांत त्याला हात लावला नव्हता.

आज दुपारी सीआरओ चालू करून आडवी रेघ आणली. बाकावर त्याचं तोंड उत्तरेला होतं तेव्हा रेघ पडद्यावरच्या चौकटीशी अगदी जुळलेली. मग अख्खा सीआरओ उचलून तोंड पूर्वेला केलं, बाकी एकाही बटणाला हात न लावता. रेघेचं उजवं टोक बारीक खुणेच्या जवळजवळ अर्ध्याने वर गेलं. दक्षिणेला केलं, आणखी थोडं. परत उत्तरेला आणलं, रेघ जागेवर.

मुलाला बोलावून दाखवलं. त्याने चार वेळा फिरवायला लावलं, नंतर स्वतः वहीत चारही दिशांच्या रेघा काढून घेतल्या.